शेवटचा फर्मा नसलेली प्रत

४ नोव्हेंबर, दुपार

घुबडे,

आधी बसून घे. पत्र लांबणार आहे आणि अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, उभ्याने वाचलंस तर पाय दुखतील आणि डोळेही.

तुझं पुस्तक माझ्या मांडीवर आहे! खरंखुरं, शिवलेलं, पुठ्ठ्याचं, मागे तुझा फोटो. केस किती ते बारीक कापलेस? पण नाक लपत नाही. ते तुझ्या आजोबांचं नाक, ते कुठेही ओळखू येतं, अंधारातसुद्धा, कारण आधी तेच येऊन पोचतं.

म्हातारीला पत्ता कुठून मिळाला म्हणशील. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात प्रकाशकाचा पत्ता असतो. शहाणी माणसं ते पान उलटून पुढे जातात, आम्ही बांधणीतल्या बायका तिथूनच सुरू करतो. पाकिटावर लिहिलंय, 'भुतांच्या पुस्तकाच्या बाईंना द्यावे, त्यांच्या आजीकडून.' पोचलं तर माझं नशीब, नाही पोचलं तर प्रकाशकाची करमणूक.

पुस्तक आणलं दाभणने. आठवते ना दाभण? छापखान्यात माझ्या शेजारी बसायची, जीभ अशी की पुठ्ठ्यातून आरपार जाईल. तिच्या सुनेने आता स्वतःचं बांधणीचं दुकान काढलंय आणि दाभण तिथे दिवसभर बसून सगळ्यांच्या चुका काढते. तुझं पुस्तक त्यांच्याकडेच बांधायला आलं. फोटो बघितला आणि दाभण धापा टाकत माझ्याकडे. 'अगं, ही तर तुझी घुबड! एवढी मोठी झाली आणि अजून भुतंच!'

आता चांगली प्रत ती कुठून आणणार, सून हात तोडेल. वाया गेलेल्या प्रतींतली आणलीन. माझ्या प्रतीत एक फर्मा दोनदा आलाय आणि शेवटचा आलाच नाही. फर्मा म्हणजे काय ते तुला लहानपणी सांगितलं होतं, पण तू तेव्हा माझी घडी दाबायची हाडाची पट्टी चघळत होतीस, तेव्हा परत सांगते. सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापतात, त्याच्या घड्या घातल्या की फर्मा. फर्म्यावर फर्मा रचला, शिवला, की पुस्तक. बाईला एकच फर्मा मिळायचा, दिवसभर तीच घडी. भुताच्या कादंबऱ्या आमच्याकडे भारी यायच्या. मला नेहमी पहिला फर्मा. त्यामुळे मला मोठं दगडी घर, वादळ आणि गाडीतून उतरणारी पोरकी मुलगी एवढंच ठाऊक. दाभणला मधला. शेवटचा असायचा मुकादमीणबाईंकडे, आणि त्या फुकट 'बरं' सुद्धा म्हणत नसत. मग डबा खाताना आम्ही दोघी शेवट आमच्या मनाने लावायचो. मी कोणालाही मरू द्यायचे नाही. दाभण म्हणायची, तुझ्या शेवटात भुताला सुद्धा जेवून जा म्हणतात.

तू मला पहिली अख्खी कादंबरी वाचून दाखवलीस तेव्हा मला कळलं की गोष्टींना आपापले शेवट असतात आणि ते बहुधा वाईट असतात.

घरी सगळे मजेत. तुझ्या बाबाचं टाइल्सचं दुकान जोरात आहे, घरभर नमुने पडलेले, परवा मी एका टाइलवर चहा ठेवला तर ओरडला. दादा बरा आहे. आई बरी आहे, तिचा गुडघा सोडून. मी तर ठणठणीत.

तुझ्या खोलीला अजून कुलूप आहे. तू गेलीस तेव्हा मी डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते. पट्टी सुटली, घरी आले, आणि नव्या डोळ्याला पहिलं दिसलं ते तुझ्या दारावरचं पितळी कुलूप. बाबाला विचारलं तर म्हणाला, 'ती बाहेर असते आता.' बाहेर म्हणजे कुठे, पायरीवर? आईने डोळ्यांनी खूण केली, गप्प, आणि रात्री हळूच कानात म्हणाली, 'त्या चष्मेवाल्या मुलीबरोबर राहते.' माझ्या फोनमधून तुझा नंबरही गेला होता. फोन आपोआप विसरतात म्हणे. असेल.

मला काही कळत नव्हतं असं समजू नकोस. तू जायच्या आधीच्या वर्षी माझा चष्मा जितक्या वेळा सैल झाला तितका जन्मात झाला नव्हता. 'आजी, दांडी हलतेय, चष्मेवालीकडून घट्ट करून आणते.' परत चार दिवसांनी, 'आजी, अजून हलतेय.' दांडी हलत नव्हती, घुबडे. कोण हलत होतं ते मला मोतीबिंदूतूनसुद्धा दिसत होतं. आणि मला बरं वाटत होतं, एवढं कधीतरी तुला सांगायचं होतं.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही. पण पाठवलंस तर पाकिटावर माझं नाव नको, दाभणच्या सुनेच्या दुकानाचा पत्ता घाल. इथे पेटीतून पत्रंसुद्धा आपोआप हरवतात.

तुझी, अजून चष्मा घट्ट असलेली,
आजी


१९ नोव्हेंबर

घुबडे,

उत्तर नाही म्हणून हे दुसरं, म्हणजे तुला राग धरायला दोन पत्रं मिळतील.

पुस्तक वाचतेय. बोट ठेवून, ओठ हलवून, जसं मला येतं तसं. तुझे शब्द फार मोठे आहेत, एकेका शब्दाला मधे टेकावं लागतं. क्वीअर हा शब्द पानोपानी आला, मला आधी वाटलं लेखक असेल कोणीतरी, सारखा हाच काय म्हणतो. मग एका पानावर तू नीट समजावलंयस. ज्यांचं प्रेम, ज्यांचं राहणं-वागणं लोकांच्या साच्यात बसत नाही ते, आणि तिथे उभं राहून साच्याकडेच उलटं बघायचं. बरं. हे तर दाभणला पण कळलं. ती म्हणाली, 'म्हणजे फर्मा वाकडा नाही, कापायचं यंत्र वाकडं आहे, असंच ना?' मी म्हटलं, असंच काहीतरी, तू मधे बोलू नकोस.

पण भुताचं तू जे लिहिलंयस ते मला एका दमात कळलं. की गोष्टीतलं भूत बाहेरून येत नाही. ते घरातलंच असतं. ज्याचं नाव घ्यायचं घराने सोडलं, ते भूत. मग ते जिन्यावर वाजतं, आरशात दिसतं, बंद खोलीत वावरतं, आणि घरातली माणसं म्हणतात, वारा आहे. आपल्या जेवायच्या टेबलाला पाच खुर्च्या होत्या. आता चार आहेत. पाचवी कुठे गेली विचारलं की सगळ्यांना एकदम मीठ हवं असतं.

तू असंही लिहिलंयस की या कादंबऱ्यांत दोन बाया एका घरात जीव लावून राहिल्या की लेखक शेवटी त्यातल्या एकीला मारतोच. एक तर तळ्यात, नाहीतर गच्चीवरून. हे मी दाभणला वाचून दाखवलं तर तिचा चेहरा पडला.

'मारलं? कधी मारलं?'

'अगं, शेवटी.'

'माझ्या फर्म्यात तर दोघी चांगल्या दिवा लावून बसल्या होत्या. एक शिवत होती, दुसरी तिला वाचून दाखवत होती. आठवडाभर त्याच घडीवर हात फिरवला मी. मला वाटलं, सुखात असतील.'

दाभण गप्प बसलेली मी दोनदाच पाहिलीय, एकदा तिचा नवरा गेला तेव्हा आणि आता. जाताना म्हणाली, 'मी आपली मधलाच खरा धरणार.'

आता तुला एक गंमत सांगते. तुझ्या बंद खोलीत भूत आहे! देवाशप्पथ. दुपारी बाबा आणि दादा दुकानात गेले की पलंग करकरतो. मला इतका आनंद झाला, म्हटलं, जन्मभर पहिला फर्मा दुमडला त्याचं फळ मिळालं. काल धीर करून दाराला डोळा लावला. भुताने तुझा जांभळा स्वेटर मांडीवर घेतला होता आणि ते त्यावरचे गोळे एकेक करून काढत होतं. किल्ली त्याच्याकडे कुठून आली माहीत नाही. मी खोकले, तर बाहेर आलं आणि मला शपथ घातली की कोणाला सांगायचं नाही. म्हणून नाव सांगत नाही. एवढंच सांगते की भुताचा गुडघा दुखतो, आणि स्वभावाने तू त्याच्यावरच गेलीयस.

दादाचं लग्न ठरतंय. मुलगी नोकरी करते, छान हसते, फोटोत तरी. पुढच्या रविवारी तिच्याकडचे बोलणी करायला येणार. आणि लग्नाच्या आधीच तुझी खोली दादाच्या खोलीत पाडून घ्यायची म्हणतात. मधली भिंत काढायची, कोपऱ्यात न्हाणीघर, हिरव्या टाइल्स. तुझ्या पुस्तकांचं काय विचारलं तर बाबा म्हणाला, 'कोणाच्या पुस्तकांचं?'

तेव्हापासून मला झोप नाही. तुझी-माझी भिंत एक. तू असताना पलीकडून पानं उलटायचा आवाज यायचा, त्यावर मी झोपायचे. आता भिंतीला कान लावला तर माझाच कान ऐकू येतो.

माझी प्रत संपते ती वाक्याच्या मधेच. तू लिहिलंयस, 'मग या नाकारलेल्या जिवांना घराकडून काय हवं असतं? तर त्यांना हवं असतं ते' आणि पुढे थेट पुठ्ठा. मी हसले. इतकी वर्षं झाली तरी शेवटचा फर्मा काही माझ्या हाती लागत नाही. पण यात अडायचं काय आहे? काय हवं असणार भुताला? घर हवं असणार. कोणीतरी चार माणसांत मोठ्याने त्याचं नाव घ्यावं, खुर्ची ओढून द्यावी, बस म्हणावं.

तेव्हा मी शेवट लावलाय. रविवारी बघच.

आजी


३ डिसेंबर

घुबडे, सांगितलं मी!

सगळ्यांसमोर! 

तिघं आले होते. मुलीचे आई-वडील आणि तिची एक मावशी, मोठ्या आवाजाची. मला बिस्किटांच्या ताटलीजवळ बसवलं होतं, म्हणजे तोंड भरलेलं राहावं. चांगले कप बाहेर काढलेले. बाबा नवा शर्ट घालून टाइलसारखा चकचकीत. म्हणाला, 'आमचं कुटुंब आटोपशीर. आम्ही दोघं, माझी आई, आणि हा एकुलता एक.'

मी म्हटलं, 'एकुलता कसा रे? धाकटी आहे की.'

'आई, तुला खोकला झालाय ना? आत जाऊन पड.'

'खोकला काल होता.'

मुलीची आई कप खाली ठेवून म्हणाली, 'धाकटी मुलगी आहे? तुम्ही काही बोलला नाहीत.'

'ती बाहेर असते,' बाबा म्हणाला.

'बाहेर कशाला, घरातच असते, स्वतःच्या,' मी म्हटलं, 'कॉलेजात शिकवते.' आणि कॉलेजचं नाव सांगितलं, पुस्तकात लिहिलंय ते, मान ताठ करून. 'भुतांवर पुस्तक लिहिलंय तिने. हे बघा.' शालीखाली धरूनच बसले होते. 'चष्मे करणारी एक मुलगी आहे, तिच्याबरोबर राहते. गुणी आहे हो. हा माझा चष्मा तिच्याच हातचा. बघा कसा बसलाय.' आणि काढून त्यांच्या हातात दिला. त्या बिचाऱ्या तो उलटासुलटा करून बघायला लागल्या, करणार काय.

मावशी म्हणाली, 'हल्ली मुली मुली राहतात एकत्र. सोबत होते.'

'सोबत नव्हे हो. जोडी आहे. तुमची आहे तशी.'

मुलीच्या वडिलांचं बिस्किट चहात पडलं. चष्मा माझ्या नाकावर नव्हता म्हणून मला चेहरे दिसले नाहीत, नुसती धुरकट माणसं. पण तुझी आई ट्रे घेऊन दारात उभी होती ना, तिचा ट्रे वाजत होता ते ऐकू येत होतं.

मावशीला मात्र फार रस वाटला. 'कुठलं कॉलेज म्हणालात?' असं दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं. त्यांचंही काहीतरी नातं निघालं कॉलेजाशी, तिथे ऑफिसात आहेत बहुतेक. म्हटलं, बरं झालं, ओळख निघाली.

लग्न मोडलं नाही, घाबरू नकोस. 'विचार करून कळवतो' म्हणाले आणि परवा कळवलं, हो. दादा म्हणतो, 'माझं नशीब म्हणून वाचलो.' तो माझ्याशी एवढंच बोलला.

बाबा सध्या फार कामात आहे. त्यामुळे बोलणं होत नाही. माझं जेवण खोलीत येतं, बरंच आहे, तेवढी ये-जा वाचते. मी बाहेरच्या खोलीत गेले की टीव्हीचा आवाज मोठा होतो. काल मी 'कोणी माझी गोळ्यांची पुडी पाहिली का?' असं विचारलं तर दोघेही पेपर वाचत राहिले, आणि मला वाटलं, मी खरंच मोठ्याने बोलले की मनात? मग लक्षात आलं. अगं घुबडे, मी रीतसर भूत झाले! परीक्षा न देता! जिन्यावर पाय आपटते, दारं वाजवते, टाइल्सचे नमुने इकडचे तिकडे करून ठेवते. तुझ्या पुस्तकात पाहिजे मी.

घरभर भटकताना मी तुझी पाचवी खुर्ची शोधून काढली, माळ्यावर होती. अजून खाली आणता आलेली नाही. जड आहे.

तू लिहिशील ना आता? आता तर नाव घेतलं तुझं.

आजी


२२ डिसेंबर

घुबडे,

पत्र आलं तुझं. दाभणने आणून दिलं तेव्हा मी ते न उघडता तशीच जरा बसले होते हातात घेऊन. किती छान जाड होतं.

मग वाचलं.

तू लिहितेस की मावशीबाईंनी सोमवारीच ऑफिसात सांगितलं. की बुधवारी प्राचार्यांनी तुला बोलावून घेतलं, बसा म्हणाले नाहीत, आणि पहिल्या वर्षाचा तास दुसऱ्या कोणाला दिला, कारण मुलं लहान आहेत. की तू आणि चष्मेवाली वर्षभर गाजावाजा न करता, दिवस बघून, माणूस बघून, एकेकाला सांगत होतात, आणि उरलेल्यांना कधी सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवणार होतात. 'पुस्तकात मी काय लिहिते ते माझं काम आहे, आजी. माझ्या घरात कोण आहे ते माझं आयुष्य आहे. तू ते बिस्किटांबरोबर वाटलंस. मला एकदा विचारलंस का?'

नाही विचारलं.

या वाक्याला मी पुष्कळ उत्तरं केली, घुबडे. पत्ता कुठे होता, उत्तर कुठे येत होतं, मी तर चांगल्यासाठी. सगळी केली आणि सगळी खोडली. पाठीमागच्या पानावर खोडलेलं दिसेल तुला, उजेडात धरू नकोस.

दाभणला सांगितलं. मला वाटलं माझी बाजू घेईल. तिने विचारलं, 'तू तिचा शेवट वाचला होतास का?' मी म्हटलं, फर्माच नव्हता. तर दुसऱ्या दिवशी तिने सुनेच्या दुकानातून तो शेवटचा फर्मा आणून दिला, न कापलेला, नुसती घडी. मी तो भाजी चिरायच्या सुरीने कापला आणि खिडकीशी बसून वाचला.

'तर त्यांना हवं असतं ते घर नव्हे. त्यांना हवं असतं की घराने आता त्यांचा पाठलाग थांबवावा. भूत घराला झपाटतं असं आपण धरून चालतो. नीट वाचलं तर बहुतेक गोष्टींत घरच भुताला झपाटत असतं.'

हे वाक्य मी परत परत वाचलं. मग सुरी धुऊन ठेवली.

आम्ही छापखान्यात मनाने शेवट लावायचो त्याने कोणाचं काही बिघडत नसे. पुस्तकं तशीच्या तशी बाहेर जायची. इथे मी तुझ्या शेवटाच्या जागी माझा शेवट चिकटवला, आणि खळ वाळायच्या आत चार लोकांच्या हातात दिला. आणि म्हणत होते की घुबडीला घर पाहिजे, घुबडीला खुर्ची पाहिजे. तुला कुठे पाहिजे होती? तुझ्याकडे खुर्च्या असतील चांगल्या. भिंतीपलीकडे पान वाजायला पाहिजे होतं ते मला.

मी ठणठणीत आहे असं लिहिलं होतं. तसं नाहीये. दुखत काही नाही. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला कोणी हाक मारत नाही. तुझी आई येते दुपारी, ताट ठेवते, माझ्या पायाला हात लावून बघते गार आहे का, आणि जाते. कधी कधी मी एकटीच म्हणते, 'काय आजी, चहा घेणार?' आणि उत्तर देते, 'घेईन की.' हसू नकोस. किंवा हस.

खोलीची भिंत काल पाडली. तुझी पुस्तकं आईने खोक्यांत भरून स्वतःच्या पलंगाखाली ढकललीत, बाबाने पाहिलं आणि ती तिथेच राहू दिली.

मी आता लिहिणार नाही. तुला झपाटायचं नाही मला. तास परत मिळाला तर दाभणच्या सुनेला एक ओळ कळव, मला कोणी मुद्दाम सांगायला नको, ती बोलतेच.

आजी


१७ जानेवारी, तुमच्या जिन्याच्या खाली

घुबडे,

मी म्हटलं होतं लिहिणार नाही. पण ते तू दोन ओळींचं पत्र पाठवायच्या आधी म्हटलं होतं.

'तास मिळाला परत. मी अजून रागावलेली आहे. ये असं मी म्हणत नाहीये आणि येऊ नकोस असंही म्हणत नाहीये.'

एवढ्यावर एखादी समजूतदार बाई घरी बसली असती. मी तुझ्या पाकिटावरचा पत्ता घेतला आणि पिशवी भरली.

बाबाला सांगून निघाले. त्याच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकासारखी टेबलासमोर उभी राहिले, म्हणजे बघणं भाग पडावं. 'घुबडीकडे चाललेय,' म्हटलं. तो टाइलवरची धूळ पुसत राहिला. बराच वेळ एकच टाइल. मग म्हणाला, 'गाडीत खिडकीशी बसू नकोस, तुला वारा लागतो.' दीड महिन्यात पहिलं वाक्य. मी खिडकीशीच बसले.

आई गाडीपर्यंत आली. मी म्हटलं, चल की. तर म्हणाली, 'मला कुठे बोलावलंय?' मी म्हटलं, मला तरी कुठे! पण ती गाडी सुटेपर्यंत खाली उभी राहिली, गुडघा धरून. तिचं मी तुला काही सांगत नाही. ती आणि तू, तुमचं तुम्ही.

तर आता मी इथे आहे. तुमच्या इमारतीत तळमजल्यावर शिंपीणबाई आहेत, त्यांनी दुकानासमोर स्टूल दिलंय. चांगल्या आहेत, माझ्या शालीची कड उसवली होती ती बोलता बोलता शिवून दिली. त्यांनी विचारलं, 'कोणाकडे आलात?' आणि घुबडे, माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. तुझं नाव, कॉलेज, पुस्तक, चष्मे, सगळं. मी जीभ दातात धरली. म्हटलं, 'वरच्या मजल्यावर ओळखीचं कोणी आहे.' त्या म्हणाल्या, 'त्या दोघी का? गोड आहेत हो पोरी.' मी म्हटलं, असतील.

त्या वर कपडे द्यायला गेल्या तेव्हा त्यांच्या हाती चिठ्ठी पाठवली. 'खाली आहे. घाई नाही.' एवढीच. बाकीचं हे तोवर लिहीत बसलेय, हाताला काम असलं की बरं असतं.

त्या जुन्या कादंबऱ्यांत एक भूत असायचं, त्याला कितीही ताकद असली तरी घरातल्या माणसाने 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता यायचा नाही. तेव्हा मला वाटायचं, काय बावळट भूत, ढकलून आत जा की. आज पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून बघितला. परत घेतला. तसंच असायला पाहिजे ते.

संध्याकाळी परतीची गाडी आहे, तेव्हा मनावर ओझं घेऊ नकोस. नाही म्हणालीस तर मी शिंपीणबाईंकडे चहा पिऊन निघेन, त्यांनी आधण ठेवलंयच. हे पत्र मात्र त्यांच्याकडे ठेवून जाईन.

वर दार वाजलं.

कोणीतरी जिना उतरतंय. चपला तुझ्या नाहीत, तू पायरी सोडून उतरतेस, ही प्रत्येक पायरीवर पाय ठेवतेय. आणि तिच्या मागे अनवाणी कोणीतरी आहे.

अनवाणी पाय मधल्या वळणावर थांबलेत. चपला खाली येतायत.

मी वर बघत नाहीये, घुबडे. तू तिथेच उभी राहा हवं तितकं. शिंपीणबाई तिसरा कप काढतायत, मी त्यांना म्हटलंय, चार असू देत, उरला तर मी पिईन.